अस्वलाच्या तोंडातली दोरी

जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची आदली संध्याकाळ सहा जानेवारीला येते, आणि आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, हा बाराबाश या युक्रेनी घराण्याचा नियम. सातव्या रस्त्यावरून तारा दिसणं मुश्किल, म्हणून न्यूअर्कला उतरणाऱ्या विमानाच्या दिव्यावर भागवायचं, हा पोटनियम. दार्काच्या भावाने, बोहदानने, न्यू जर्सीहून उशिरा यायचं, 'बोगद्यात अडकलो' म्हणायचं आणि ताव मारून लवकर निघायचं, हा तिसरा नियम मात्र कुणी केलेला नव्हता. तो आपोआप पडला होता.

यंदा तिसरा नियम मोडला. दार्काच्या वारेनिकी, बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, अजून पाण्यात उकळत होत्या, टेबलक्लॉथखाली रितीचं गवत पसरायचं राहिलं होतं, आणि बेल वाजली. पाच जिने चढून धापा टाकणारा बोहदान दारात उभा. मागे लिदा वहिनी, त्यांची मुलगी क्वित्का, आणि सर्वांत मागे पांढऱ्या ऑर्किडची कुंडी घेतलेला एक उंच, देखणा, अजिबात न दमलेला माणूस.

"एवढ्या लवकर?" दार्का म्हणाली.

"बोगदा मोकळा होता."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!"

"हे मिस्टर विन्स्लो," बोहदान म्हणाला. "एकटेच होते बिचारे. म्हटलं, आजच्या दिवशी दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, आपली रीतच आहे."

दारी आलेल्याला परत पाठवायचं नाही, ही रीत खरीच. पण त्याला आपल्याच गाडीत घालून आणायचं, असं त्या रितीत कुठे नव्हतं. विन्स्लो चित्रांचा व्यापारी होता आणि तो बिचारा कुठल्याच अर्थाने नव्हता, हे दार्काला त्याचे बूट बघूनच कळलं.

"आत्या, रागावू नकोस," क्वित्का कानात पुटपुटली. ती जाहिरातीच्या धंद्यात होती आणि विन्स्लोला तिनेच शोधून काढलं होतं. "नुसतं बघायचंय त्यांना."

"बघू दे की. बघायला कुठे तिकीट आहे?"

पण नुसतं बघायचं नव्हतं, हे दार्का जाणून होती. चित्र आईने दोघांच्या नावे ठेवलेलं. विकायचं तर दोघांची सही हवी. आणि बोहदानच्या वकिलाने गोड आवाजात फोनवर सांगून ठेवलं होतं की, एकाने विकायचं म्हटलं आणि दुसऱ्याने अडवलं, तर कोर्ट विकून देतं आणि वाटे करतं. म्हणजे दार्काने 'नाही' म्हणून काही उपयोग नव्हता. 'नाही' बोहदानच्याच तोंडून यायला हवं होतं. आणि बोहदान तर येताना पेन घेऊन आला होता.

विन्स्लो चित्रापुढे जाऊन उभा राहिला. चित्र देवाच्या तसबिरींच्या कोपऱ्यालगतच्या भिंतीवर होतं, कारण एवढं मोठं चित्र मावेल अशी घरात दुसरी भिंतच नव्हती. वर लाल-काळ्या भरतकामाचं लांब वस्त्र घातलेलं, जसं देवाच्या तसबिरीवर घालतात तसं.

"काढू का?" त्याने विचारलं.

"काढा," दार्का म्हणाली. "नुसतं हळू. ते माझ्या आईच्या हातचं आहे."

त्याने वस्त्र काढलं आणि खोलीत सर्कस सुरू झाली. बाबांच्या मटणाच्या दुकानाच्या छपराचं जाड कापड, खालच्या काठाला अजून 'बाराबाश' ही अक्षरं शिल्लक. मधोमध रिंगमास्टर होता, म्हणजे बाबा, हातात चाबूक म्हणून कोव्बासा, त्यांच्याच दुकानातली धुरावलेली सॉसेजं. तारेवरून बोर्श्चचं, बिटाच्या लाल साराचं, पातेलं डोक्यावर घेऊन चाललेली आई. नाकावर चेंडू झेलणारी सील. गुलाबी झग्यातली घोडेस्वार. एका कोपऱ्यात तिकीट खिडकीत अर्धाच चेहरा दिसणारी दार्का. खाली चर्चच्या गायनवृंदाचा भरतकामाचा सदरा घातलेलं अस्वल. आणि वर, सगळ्यांच्या वर, कोंबडीच्या पिसांचे पंख लावून झोक्यावरून झेपावलेला, अंगावर लंगोटीपुरतं कापड असलेला रोमको.

रोमको हा धाकटा भाऊ. त्या काळी दुसऱ्या अॅव्हेन्यूच्या तळघरांमधून पोरं वाटेल ती सोंगं करत, गात, भिंती रंगवत. त्यांच्यात रोमको 'काउंट कोव्बासा' या नावाने प्रसिद्ध झाला, आणि बाबांच्या गिऱ्हाइकांनी हे नाव बाबांना मोठ्या आनंदाने कळवलं. बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. मग त्या वर्षांमध्ये त्या भागातली पोरं ज्या आजाराने एकापाठोपाठ गेली, त्याच आजाराने रोमको गेला. त्याचं बाकीचं काम पुठ्ठ्यावरचं, खेळ संपला की रस्त्यावरच्या कचऱ्यात जाणारं. हे एक उरलं.

उरलं ते आईमुळे. बाबा ते जाळायला निघाले होते. तेव्हा आईने काय केलं, तर त्यावर आपलं चांगल्यातलं वस्त्र घातलं आणि जॉर्डनच्या सणाला, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, घरोघरी तीर्थ शिंपडत फिरणाऱ्या फादर मिरोनना वर बोलावलं. फादरना दिसायचं कमी. एवढ्या मोठ्या झाकलेल्या तसबिरीत कुणीतरी मोठा संत असणार, असं समजून त्यांनी झाडूएवढा कुंचला बादलीत बुचकळून सपासप आशीर्वाद दिला आणि वाकून वस्त्राचं चुंबन घेतलं. झालं! आशीर्वाद दिलेली वस्तू जाळायची बाबांची काय टाप? मग दर जॉर्डनला फादर येत राहिले, कुंचला बुचकळत राहिले, आणि लंगोटी नेसलेला काउंट कोव्बासा त्या रस्त्यावरचा सर्वांत जास्त आशीर्वाद लाभलेला पापी ठरला.

"अप्रतिम!" विन्स्लो म्हणाला. "याच्या हातचं दुसरं काहीच उरलेलं नाही, कल्पना आहे ना तुम्हाला? प्रत्येक पात्राची ओळख पटली, तर दुधात साखर. ही घोडेस्वार कोण?"

"मी," लिदा वहिनी म्हणाल्या.

दार्काने मान वळवून बघितलं. हीच लिदा लग्नानंतर कित्येक वर्षं 'त्या घाणेरड्या चित्रात मी नाही हं' म्हणून शपथा घेत होती.

"तेव्हा आमचं नुकतंच ठरलेलं होतं," लिदा लाजून सांगत होती. "रोमकोला माझं भारी कौतुक. कंबर बघा ना!"

"लिदा, ती घोडेस्वार म्हणजे एडी," दार्का म्हणाली.

"कोण एडी?"

"रोमकोचा मित्र. तळघरात त्याच्याबरोबर काम करायचा. पाय बघ ना नीट. दाढी केलेली नाहीये पायांची."

क्वित्काला हसू आवरेना. विन्स्लोने आनंदाने टिपून घेतलं. लिदाचा चेहरा बोर्श्चच्या रंगाचा झाला.

"मग मी कुठे आहे?"

"आहेस की. नाकावर चेंडू आहे बघ."

लिदाने वाकून सीलकडे बघितलं आणि ती नवऱ्याकडे वळली.

"बोहदान," लिदा म्हणाली, "मला वाटतं, घरची वस्तू घरात राहिलेली बरी."

"आता पलटू नकोस!"

"जगभर छापून येणार ना ते? 'सील: लिदा बाराबाश'? माझ्या बहिणी मेल्या हसून मरतील!"

"सील फार सुंदर रंगवली आहे, मॅडम," विन्स्लो म्हणाला, आणि त्यामुळे काहीच सुधारलं नाही.

बोहदान या सगळ्यात चित्राकडे पाठ करून बसला होता. दरवर्षी तो तसाच बसायचा. आपल्याला अस्वल केलंय, एवढं त्याने कधीतरी दारातून पाहिलं होतं, तेवढ्यावर तो जन्मभर रुसला. जवळ जाऊन काही तो कधी बघायला गेला नाही. त्याने खिशातून कागद काढला, टेबलावर पसरला, आणि लसणाचा गड्डा त्यावर वजन म्हणून ठेवला.

"दार्का, उगाच वाढवू नकोस. तू आता सत्तरीला आलीस. पाच जिने चढतेस. उद्या पाइप फुटला, आग लागली, तर? त्यापेक्षा चांगल्या घरी जाऊ दे. रोमकोचं नाव होईल."

दार्काच्या हातातला झारा थांबला. रोमकोचं नाव! या टेबलावर दरवर्षी पितरांचं एक पान जास्त मांडलं जाई, जेवणाआधी घरातला कर्ता पुरुष एकेका गेलेल्याचं नाव घेई. बाबांनी रोमकोचं नाव कधी घेतलं नाही. बाबा गेल्यावर बोहदान कर्ता झाला. त्याने बाबांचं नाव यादीत वाढवलं, रोमकोचं मात्र नव्हतंच. दार्का ते स्वयंपाकघरात, नळ सोडून, मनातल्या मनात घ्यायची. आणि आज ते नाव या माणसाच्या तोंडातून कसं अलगद पडलं! गिऱ्हाईक घरात बसल्यावर माणसाला भाऊसुद्धा आठवतो. तिला इतका संताप आला, की झारा तिने ओट्यावर आपटला.

"सही मी करीन," ती म्हणाली. "पण तुलाच चालणार नाही. ते आशीर्वाद दिलेलं आहे. आशीर्वाद दिलेली वस्तू विकायची नसते."

"हे काय काढलंस?"

"मी कुठे काढलं? तूच काढलंस. पाव्लिशिनबाईंनी चर्चच्या जत्रेत नवऱ्याची तसबीर विकायला मांडली होती, तेव्हा चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष कोण होता? भर हॉलमध्ये त्या म्हातारीला कोण म्हणालं, 'बाई, ज्यावर तीर्थ पडलं ते विकणं म्हणजे येशूला विकणाऱ्या यहूदाचा धंदा'? रडत घरी गेली ती."

अध्यक्ष अजूनही तोच होता. बोहदानने पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला.

"आशीर्वाद वस्त्राला दिला होता," तो शेवटी म्हणाला.

"वस्त्राला?"

"फादर मिरोननी जे बघितलं त्यालाच ना आशीर्वाद? त्यांनी वस्त्र बघितलं. पाणी वस्त्रावर पडलं. आईचं भरतकाम माहीत आहे ना तुला? ताडपत्री! एक थेंब आत गेलेला नाही. वस्त्र तू ठेव, आशीर्वाद तुझ्यापाशी राहील. चित्र कोरडंच आहे."

एवढा सूक्ष्म धर्मविचार बाराबाशांच्या घरात आजवर कुणी केला नव्हता. क्वित्का बापाकडे बघतच राहिली.

"तुम्ही स्वतः बघितलंय हे?" विन्स्लोने एकदम विचारलं. तो खुर्चीवर पुढे सरकला होता. लिदाने त्याला मघाच रिकाम्या पानावर बसवलं होतं, दुसरी खुर्ची नव्हती म्हणून. "आत पाणी गेलं नाही, हे तुम्ही खात्रीने सांगता?"

"मी दरवर्षी हजर असायचो. फादरच्या मागे गायचो मी. लिहून देतो."

"वा! वा! माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, साहेब. मला शंका होती. इथे बघा." तो उठून चित्राजवळ गेला. "या अस्वलाच्या तोंडात दोरीचं टोक आहे. आणि वर, या पंखवाल्याच्या कमरेला दुसरं टोक. मध्ये काही नाही, नुसते ओघळ. मला वाटलं होतं, पाण्याने खराब झालं असेल. तसं असतं तर नुकसान म्हणावं लागलं असतं. पण पाणी लागलंच नाही म्हणजे हे त्याने स्वतः केलंय. आधी दोरी काढली आणि मग जाणूनबुजून पुसली. अस्वलाने दात लावून तोडलीय दोरी! कुटुंबाने त्याला वरून खाली सोडलं. तोच तर या चित्राचा गाभा. मी नावही ठरवून टाकलंय, 'भावाने तोडलेली दोरी'."

 विन्स्लोला सगळ्यांचे चेहरे कौतुकाचे वाटले असावेत. तो हसतमुखाने परत येऊन बसला.

बोहदान उठला. टेबलाला वळसा घालून चित्रापाशी गेला. दार्काने त्याला त्या भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं आजवर पाहिलंच नव्हतं. त्याने खिशातून चष्मा काढला, लावला, वाकला. अस्वलाच्या सदऱ्याला कॉलरजवळ एक बटण तुटलेलं होतं. बोहदानच्या सदऱ्याचं ते बटण आईने कधी लावलंच नव्हतं, आणि रोमकोने तेही हेरून रंगवलं होतं.

"दार्का," तो मागे न बघता म्हणाला. "तो हे काढत होता तेव्हा तू होतीस?"

"दुकानाच्या मागच्या खोलीत. रंग कालवून देत होते."

"दोरी..."

"सलग होती."

"खात्रीने?"

"बोहदान, या चित्रावरची धूळ मीच पुसते. त्या दोरीचा एकेक पीळ मला पाठ होता. शाळेच्या पोरांचे स्वस्त रंग ते, ओल्या बोटाने निघायचे. पहिल्या जॉर्डनला थोडी फिकी झाली. मग दरवर्षी थोडी थोडी. आई ओलं वस्त्र तसंच राहू द्यायची, काढायला घाबरायची. मी त्याला विचारलं होतं, अस्वल कशाला केलंस रे त्याला, चिडेल ना. तर म्हणाला, खाली धरायला कुणीतरी जड माणूस नको का?"

बोहदानचा हात चित्रापर्यंत गेला, आणि न टेकवता त्याने मागे घेतला.

तिला त्याची कीव आली, आणि ती आल्याचा रागही आला. रोमको बाविसाव्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात होता तेव्हा ईस्टरची तालीम चालू होती, आणि हा तालीम सोडून आला नव्हता. तेही तिला आता म्हणायचं होतं. तिने म्हटलंही.

"त्याने तुला धरताना काढलं. पुढचं, हॉस्पिटलाचं आणि तुझ्या तालमीचं, तू तुझं बघ."

"आत्या, थांब," क्वित्का हळूच म्हणाली. "पपा, म्हणजे पाणी लागलं होतं, असंच ना?"

"मिस्टर बाराबाश," विन्स्लोने खाकरून आवाज मोकळा केला, "घाई करू नका. आठवणी फसव्या असतात. आत्ताच तुम्ही म्हणालात, एक थेंब आत गेला नाही. तोच शब्द कायम ठेवा, तर सगळं सुरळीत होईल. चित्र कोरडं असेल तर अर्थ राहतो, आणि विक्रीलाही, तुमच्या धर्माप्रमाणे, अडचण नाही."

इतकं सरळ होतं ते. चित्र कोरडं म्हटलं, तर विकता येत होतं, पण मग त्यात बोहदानने भावाची दोरी चावून तोडलेली होती, आणि तसंच नाव देऊन ते जगभर मिरवणार होतं. चित्र ओलं म्हटलं, तर दोरी त्याच्या तोंडात शाबूत होती, पण मग ते भिंतीवरून हलणार नव्हतं. स्वतःचाच सूक्ष्म धर्मविचार असा अंगाशी आलेला माणूस दार्काने याआधी पाहिला नव्हता. एरवी तिने त्याची पोटभर मजा घेतली असती. आत्ता मात्र तिला हसू येत नव्हतं, कारण कागद टेबलावर होता आणि पेन त्याच्या खिशात.

"पपा, मी तारा बघते," क्वित्का म्हणाली, आणि खिडकी उघडून बाहेरच्या लोखंडी जिन्यावर गेली. थंड वारा आत आला. थोड्या वेळाने ती ओरडली, "दिसला! हलतोय जरा, पण दिसला!"

सगळे टेबलाभोवती उभे राहिले. लिदाने मेणबत्ती लावली. बोहदान आपल्या जागी आला. त्याने हात जोडले, आणि चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज खोलीत अगदी खाली उतरून आला.

"तेओदोर," तो म्हणाला. "स्तेफानिया." बाबा, आई, मग आजोबा, आजी, युद्धात गेलेला काका, जहाजावर गेलेली आत्या. सगळी नावं त्याने ओळीने घेतली. मग तो थांबला. दरवर्षी तो इथेच थांबायचा आणि 'आमेन' म्हणायचा. दार्काने सवयीने स्वयंपाकघराकडे, नळाकडे पाऊल टाकलं.

"पाणी लागलं होतं," बोहदान म्हणाला.

विन्स्लोने वर बघितलं. "पार्डन?"

"वस्त्रातून आत जायचं. दरवर्षी. मी मागे उभा राहून गायचो ना, मला दिसायचं. खाली जमिनीवर रंगीत थेंब पडायचे. आई पायाने पुसायची." त्याने लसणाचा गड्डा उचलून बाजूला ठेवला आणि कागदाची घडी करून खिशात घातली. "आणि साहेब, जरा उठता का? माफ करा, तुमची पंचाईत होतेय. तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा, मी उभ्याने जेवतो. ही जागा माझ्या भावाची आहे. रोमकोची."

हे नाव त्या टेबलावर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं, आणि काही झालं नाही. छत पडलं नाही, बाबा थडग्यातून उठले नाहीत. लिदा वहिनींनी डोळे पुसले. सील होण्यातून सुटका झाल्याचा त्यात बराच वाटा असावा. विन्स्लो उठला, मुकाट्याने बोहदानच्या खुर्चीत बसला, आणि त्याला त्या रात्रीचे सगळे बारा पदार्थ खावे लागले, कारण दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, हीही रीत होती.

दार्काने गव्हाच्या खिरीचं पातेलं आणलं. पहिला डाव रोमकोच्या पानावर वाढायचा असतो.  आपण जिंकलो असं वाटेल, अशी तिची कल्पना होती. प्रत्यक्षात तिला फक्त रोमकोची आठवण आली, आणि इतकी आली की पान दिसेना.

"अजून घाल ना थोडी," बोहदान तिच्या बाजूला उभा राहून म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "खसखस वर येऊ दे. त्याला फार आवडायची."

रोमकोला ती खीर मुळीच आवडत नसे. दरवर्षी तो ती टेबलाखालून दार्काच्या वाटीत ओतायचा.

"हो," दार्का म्हणाली, आणि आणखी एक डाव घातला.